पदवी, पगार आणि हप्ता

बारावीचा निकाल लागला की वृत्तपत्राच्या कार्यालयात दोन प्रकारचा मजकूर एकाच वेळी येऊ लागतो. पहिला, राज्याबाहेरील खासगी महाविद्यालयांच्या जाहिरातींचा. त्यांत हसऱ्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात, कोणाला तरी मिळालेल्या सर्वाधिक पगाराचा ठळक आकडा असतो आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘शैक्षणिक कर्जाची सोय उपलब्ध’ अशी ओळ असते. दुसरा मजकूर औद्योगिक वसाहतींतील भरतीचा. वेर्णा, कुंडई, मडकई येथील कारखान्यांना दहावी, बारावी अथवा आयटीआय उत्तीर्ण उमेदवार हवे असतात. मुलाखतीला येताना मूळ प्रमाणपत्रे आणण्याची सूचना असते. उपसंपादक म्हणून पाने लावताना या दोन्ही गोष्टी अनेकदा एकाच पानावर येतात. पेडणे, सत्तरी किंवा फोंडा तालुक्यातील एखाद्या घरात तेच पान उघडले जाते, आणि अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला त्या दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते.

ही निवड आपल्याकडे बहुधा प्रतिष्ठेच्या अंगाने होते. ‘शिकला तर पुढे जाईल’ हे एक वाक्य, आणि ‘शिकून तरी कुठे नोकऱ्या आहेत?’ हे दुसरे. दोन्ही वाक्ये अर्धसत्य आहेत. त्यांच्या मध्ये एक साधा व्यवहारी प्रश्न उभा असतो, जो विचारायला आपण संकोचतो: या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा मासिक हप्ता, या शिक्षणामुळे वाढणाऱ्या पगारातून भागेल काय? पदवी घ्यावी की न घ्यावी, यापेक्षा कोणत्या पदवीसाठी, किती कर्ज आणि आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर, हा विचार अधिक महत्त्वाचा आहे.

कर्ज कोणत्या शिक्षणाला लागते?

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. राज्यातील सरकारी अथवा अनुदानित महाविद्यालयात कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेची पदवी घेण्यासाठी सामान्यतः कर्ज काढावे लागत नाही. प्रस्तुत लेखकाने मराठी विषयाची पदवी अशाच महाविद्यालयातून घेतली. त्या शिक्षणाचा मोठा खर्च शुल्क नव्हता. तीन वर्षे आणि त्या तीन वर्षांत न कमावलेला पगार हा खरा खर्च होता. तो कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो, म्हणून आपण तो मोजत नाही.

कर्जाचा प्रश्न उभा राहतो तो व्यावसायिक शिक्षणात: खासगी संस्थांतील अभियांत्रिकी, व्यवस्थापन, परिचर्या, हॉटेल व्यवस्थापन, सागरी प्रशिक्षण आणि परदेशातील पदव्युत्तर अभ्यासक्रम. भारतीय बँक संघटनेने २००१ मध्ये शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना तयार केली. आजही बहुतेक सरकारी बँका तिच्याच चौकटीत कर्ज देतात. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थ हमीदार किंवा कर्जहमी योजनेचा आधार घेतला जातो. साडेसात लाखांच्या वर मात्र स्थावर अथवा तत्सम तारण मागितले जाते.

गोव्यात हा तारणाचा टप्पा विशेष अडचणीचा ठरतो. आपल्याकडे अनेक कुटुंबांना राहते घर आहे, पण बँकेला चालतील असे कागद नाहीत. कुणी मुंडकार म्हणून भाटकाराच्या जमिनीत राहतो. १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण दिले असले तरी खरेदीची प्रक्रिया पूर्ण झालेली नसते. कुणाच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांसह दहा वारसांची नावे असतात आणि समान नागरी कायद्यानुसार प्रत्येकाचा हिस्सा असल्याने सर्वांच्या सह्या जमवणे हे वर्षानुवर्षांचे काम होऊन बसते. अशा घरातील विद्यार्थी साडेसात लाखांच्या आतच अडतो. उरलेला खर्च मग पतसंस्थेचे कर्ज, आईचे दागिने किंवा नातेवाइकांची उसनवारी यांतून उभा राहतो. या दुसऱ्या कर्जाची नोंद कुठेही होत नाही; परतफेड मात्र त्याचीही करावी लागते.

हप्त्याचे गणित

एक उदाहरण घेऊ. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्याने दरवर्षी दीड लाख याप्रमाणे एकूण सहा लाख रुपयांचे कर्ज घेतले आणि व्याजदर दहा टक्के आहे. शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. या सवलतीला बहुतेक पालक ‘बिनव्याजी काळ’ समजतात. तो तसा नसतो. त्या काळात सरळव्याज साठत राहते. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचे ७५ हजार, दुसऱ्यावर ६० हजार, तिसऱ्यावर ४५ हजार आणि चौथ्यावर ३० हजार, असे एकूण दोन लाख दहा हजार रुपये व्याज होते. पहिला हप्ता सुरू होतो त्या दिवशी विद्यार्थी सहा लाखांचा नव्हे, आठ लाख दहा हजारांचा कर्जदार असतो.

ही रक्कम दहा वर्षांत फेडायची तर मासिक हप्ता सुमारे १०,७०० रुपये येतो आणि एकूण परतफेड पावणेतेरा लाखांच्या पुढे जाते. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता सुमारे ८,७०० रुपयांवर उतरतो, पण एकूण परतफेड साडेपंधरा लाखांहून अधिक होते. याउलट, शिक्षणाच्या काळातच कुटुंबाने व्याज भरत नेले, तर दहा वर्षांचा हप्ता आठ हजारांच्या आत राहतो आणि एकूण खर्चात सव्वा लाखांच्या आसपास बचत होते. कर्ज तेच, व्याजदर तोच. फरक केवळ ही माहिती वेळेवर असण्याचा.

आता याच वयाच्या दुसऱ्या मुलाकडे पाहू. तो बारावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करतो, एक वर्ष प्रशिक्षणार्थी म्हणून काढतो आणि एकविसाव्या वर्षी समजा सोळा हजार रुपये पगारावर कारखान्यात लागतो. अभियंता होऊ पाहणाऱ्या मुलाचा पहिला हप्ता तेविसाव्या वर्षी येतो. तोपर्यंत या कामगाराने दोन वर्षांत तीन लाख ८४ हजार रुपये कमावलेले असतात. एकाकडे जवळपास चार लाखांची कमाई, दुसऱ्यावर आठ लाखांचे कर्ज. शर्यत सुरू होताना दोघांतील अंतर सुमारे बारा लाखांचे असते.

यातून एक सोपी कसोटी निघते. पदवीधराचा पगार त्या कामगाराच्या पगारापेक्षा दरमहा नेमका १०,७०० रुपयांनी अधिक असेल, तर पुढील दहा वर्षे दोघांच्या हातात महिनाअखेर सारखीच रक्कम उरेल. पदवीचा आर्थिक लाभ तेहेतिसाव्या वर्षानंतर सुरू होईल. पगारातील फरक हप्त्यापेक्षा कमी असेल, तर पदवीधराची दहा वर्षे तोट्यात जातील. फरक दुप्पट-तिप्पट असेल, तर कर्ज काढणे हा शहाणपणाचा निर्णय ठरेल. म्हणून जाहिरातीतील ‘सर्वाधिक पगार’ हा आकडा निरुपयोगी आहे. वर्गातील मधल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला काय पगार मिळाला, हे विचारले पाहिजे. कारण आपला मुलगा पहिल्या क्रमांकावरच असेल, असे गृहीत धरून कर्ज काढता येत नाही.

बेरोजगारीचे आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०२३-२४ या वर्षात देशातील बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. गोव्यात तो ८.५ टक्के होता. त्याआधीच्या वर्षी तर तो ९.७ टक्क्यांवर होता. दरडोई उत्पन्नात अग्रेसर असलेल्या राज्यासाठी हे चित्र विचित्र वाटते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारत रोजगार अहवालाने याच विसंगतीचे राष्ट्रीय रूप दाखवले. २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेरोजगारीचा दर ३.४ टक्के होता, तर पदवीधर तरुणांमध्ये तो २९.१ टक्के होता.

हे आकडे पुढे करून ‘पदवी कुचकामी आहे’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा आहे. सर्वेक्षणाच्या भाषेत बेरोजगार म्हणजे काम करण्यास तयार असलेला, कामाच्या शोधात असलेला, पण काम न मिळालेला माणूस. ज्याच्या घरी आज चूल पेटायची आहे, तो मिळेल ते काम करतो आणि या व्याख्येतून बाहेर पडतो. बेरोजगार राहण्यासाठी वाट पाहण्याची ऐपत लागते. पदवीधर अधिक बेरोजगार दिसतात, याचे एक कारण ते आपल्या पदवीला साजेशा नोकरीची वाट पाहतात. आणि वडिलांची नोकरी, घरभाड्याचे उत्पन्न किंवा परदेशातून येणारे पैसे यांच्या आधारावर ते काही काळ पाहू शकतात.

गोव्यात या वाट पाहण्याला सरकारी नोकरीची जोड आहे. अनेक पदांसाठी कमाल वयोमर्यादा ४५ वर्षांपर्यंत असल्याने आशा दीर्घकाळ जिवंत राहते. ती किती तीव्र असते, हे २०२४ च्या अखेरीस उघड झालेल्या नोकरीच्या आमिषाने फसवणुकीच्या प्रकरणांनी दाखवून दिले. सरकारी नोकरी मिळेल या आशेने लोकांनी लाखो रुपये मध्यस्थांच्या हाती ठेवले होते. पदवीसाठी एकदा पैसे, आणि नोकरीसाठी पुन्हा पैसे, हा व्यवहार ज्या समाजाला स्वाभाविक वाटू लागतो, तिथे पदवीचे मूल्य बाजारात कधीच घसरले आहे हे ओळखावे.

इथेच कर्जाचा आणि बेरोजगारीचा संबंध स्पष्ट होतो. कर्ज नसलेला पदवीधर दोन-तीन वर्षे स्पर्धा परीक्षा देत राहू शकतो. कर्जदार पदवीधराला बँक एका वर्षाची सवलत देते. त्यानंतर त्याला जी मिळेल ती नोकरी पत्करावी लागते, आणि ती अनेकदा त्याच्या शिक्षणाशी असंबद्ध, कमी पगाराची असते. ज्या चांगल्या नोकरीसाठी कर्ज काढले, तिची वाट पाहण्याचे स्वातंत्र्य त्या कर्जानेच काढून घेतलेले असते. श्रीमंताच्या मुलाची आणि गरिबाच्या मुलाची पदवी कागदावर सारखी असली तरी बाजारात सारखी ठरत नाही, याचे हे कारण आहे.

थेट नोकरीची दुसरी बाजू

मग अठराव्या वर्षी सरळ कामाला लागावे काय? तसे सांगणाऱ्यांनीही प्रामाणिकपणे दुसरी बाजू मांडली पाहिजे. औद्योगिक वसाहतींतील मोठी भरती कंत्राटदारामार्फत होते. तिथे पगार वेळेवर सुरू होतो, पण त्याच वेगाने वाढत नाही. बावीसाव्या वर्षी सोळा हजार ही सन्मानाची रक्कम वाटते. बत्तिसाव्या वर्षी, लग्न झालेले आणि मूल शाळेत जाणारे असताना, ती वीस हजारांवर अडकलेली असेल तर तीच रक्कम अपमानाची वाटू लागते. पर्यवेक्षकाच्या पुढे जायचे तर पदविका किंवा पदवी मागितली जाते. दोन तरुणांची तुलना तेविसाव्या वर्षी केली तर कामगार पुढे असतो. पस्तिसाव्या वर्षी केली तर चित्र बहुधा पालटलेले असते. त्यामुळे कोणत्या वयाचा हिशेब आपण करत आहोत, हे आधी ठरवावे लागते.

मुलींच्या बाबतीत हिशेब आणखी वेगळा आहे. आपल्या गावांत बारावीनंतर मुलाला पाळीच्या नोकरीवर पाठवणारे पालक मुलीला पाठवताना दहा वेळा विचार करतात. रात्रपाळी, कंपनीच्या बसची वेळ, गावातील कुजबुज ही कारणे पुढे येतात. मुलीसाठी महाविद्यालय हे केवळ पदवीचे ठिकाण नसते. लग्नाचा विषय तीन वर्षे पुढे ढकलण्याचा तो एक सन्मान्य मार्ग असतो. त्या तीन वर्षांत तिला घराबाहेरचे जग दिसते, बसने एकटीने फिरता येते, स्वतःचे बँक खाते उघडले जाते. हे लाभ हप्त्याच्या गणितात बसत नाहीत, म्हणून ते नगण्य ठरत नाहीत. मात्र याच कारणासाठी मुलीच्या नावावर मोठे कर्ज काढणे अधिक जोखमीचे असते. लग्नानंतर तिची नोकरी सुटली, तर हप्ता कोणी भरायचा हा प्रश्न दोन घरांच्या मध्ये लोंबकळत राहतो.

परदेशाचा मार्गही बदलला आहे. गोव्यातील अनेक कुटुंबांतील तरुण पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे इंग्लंडमध्ये जाऊन थेट कामाला लागत. स्विंडन, साउथहॉल ही नावे सासष्टी-बार्देशातील घराघरांत परिचित झाली ती त्यामुळेच. पदवी नव्हती, कर्जही नव्हते. कष्ट होते आणि पौंडातील मजुरी होती. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतर ३१ डिसेंबर २०२० रोजी हा मुक्त प्रवेश संपला. आता तिथे जाऊ पाहणाऱ्या अनेकांना विद्यार्थी म्हणून, भरमसाट शुल्क भरून जावे लागते. एकेकाळी जो मार्ग कमाईपासून सुरू होत असे, तो आज कर्जापासून सुरू होतो. गाव तेच, विमान तेच. पण जाणाऱ्याच्या खांद्यावरचे ओझे वेगळे आहे.

खाणपट्ट्याचा धडा

गोमंतकीयांना कर्ज आणि कमाईचे नाते समजावून सांगण्यासाठी परक्या उदाहरणांची गरज नाही. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत एका पिढीने ट्रकसाठी कर्ज काढले होते. खाणी चालू होत्या, फेऱ्या मिळत होत्या, हप्ता भरून घर चालत होते. तेव्हा ट्रक घेणे हा जुगार नव्हता. आजूबाजूला दिसणाऱ्या वास्तवावर आधारलेला तो निर्णय होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. पुढे त्या मर्यादित प्रमाणात सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चच्या मध्यापासून पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणात उभे राहिले. हप्ते थांबले नाहीत.

या इतिहासातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, सगळेच एका दिशेने कर्ज काढून धावतात तेव्हा त्या दिशेचा धोकाही सर्वांना एकाच वेळी गाठतो. माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीला आज मागणी आहे म्हणून चार वर्षांनंतरही ती तशीच असेल, ही खात्री कोणतीही संस्था देऊ शकत नाही. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. ट्रक निदान विकता येत होता. किंमत पडली तरी काही रक्कम हाती येत होती. पदवी विकता येत नाही, परत करता येत नाही, बँकेलाही तिचा लिलाव करता येत नाही. म्हणूनच बँक पालकांची सही घेते. हप्ते थकले तर विद्यार्थ्याबरोबर सहकर्जदार वडिलांचा वा आईचाही पतदर्जा ढासळतो, आणि मग धाकट्या भावंडाच्या शिक्षणाला किंवा घराच्या दुरुस्तीला कर्ज मिळणे अवघड होते. अनेक घरांत ही सही करणारे पालक मराठी शाळेत शिकलेले आणि कर्जाचा करारनामा इंग्रजीत असतो. जो कागद समजून घ्यायचा, तोच नेमका न वाचता सही होते.

क्रम बदलता येतो

या चर्चेत एक गोष्ट नेहमी सुटते. शिक्षण आणि नोकरी हे दोन वेगळे रस्ते आहेत, एकदा एक धरला की दुसरा कायमचा बंद, अशी आपली समजूत आहे. काही दशकांपूर्वी ती बरीचशी खरी होती. आज ती तशी नाही. आयटीआयच्या दोन वर्षांनंतर तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहे. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घेता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या एक वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची, व श्रेयांक जमा ठेवून पुन्हा परतण्याची मुभा दिली आहे. १९६१ चा प्रशिक्षणार्थी कायदा तर साठ वर्षांहून जुना आहे. राज्य सरकारनेही अलीकडे प्रशिक्षणार्थींसाठी स्वतंत्र योजना आणली आहे.

म्हणजेच नोकरी आधी धरून पदवी नंतर घेता येते. कर्ज मात्र एकदा घेतल्यावर ‘नको होते’ म्हणून परत फिरता येत नाही. दोन पर्यायांपैकी एक उलटवता येण्याजोगा आणि दुसरा न येण्याजोगा असेल, आणि निर्णय घेणाऱ्याचे वय अठरा असेल, तर उलटवता येणाऱ्या पर्यायाला थोडे झुकते माप देणे हे भित्रेपणाचे लक्षण नाही.

पण या मांडणीला एक मर्यादा आहे आणि ती लपवणे योग्य ठरणार नाही. परतण्याची दारे कागदावर उघडी असली तरी फार थोडे लोक त्यांतून परततात. बारा तासांच्या पाळीनंतर घरी आलेला तरुण पुस्तक उघडू शकत नाही. घराला पगाराची सवय लागते, आणि ‘पुढच्या वर्षी शिकेन’ हे वाक्य पाच वर्षे टिकून मग गळून पडते. म्हणून क्रम बदलण्याचा सल्ला केवळ कुटुंबांना देऊन भागणार नाही. परतीची वाट चालण्याजोगी करणे हे सरकारचे आणि उद्योगांचे काम आहे. सायंकालीन वर्ग, औद्योगिक वसाहतींपर्यंत पोहोचणारी बससेवा आणि शिकणाऱ्या कामगाराला परीक्षेच्या काळात पगारी रजा, या तीन गोष्टी कोणत्याही नव्या योजनेच्या घोषणेपेक्षा अधिक उपयोगी पडतील. प्रशिक्षणार्थी म्हणजे स्वस्त मजूर नव्हे, हेही तपासणीने पटवून द्यावे लागेल.

सरकारची जबाबदारी

कर्जाच्या आघाडीवर सरकार निष्क्रिय आहे, असे म्हणता येणार नाही. राज्यात गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत बिनव्याजी शैक्षणिक कर्ज दिले जाते. वरील गणितात व्याजाचा वाटा किती मोठा होता, हे पाहिले की या योजनेचे मोल कळते. पात्र विद्यार्थ्याने बँकेची पायरी चढण्यापूर्वी महामंडळाचे दार ठोठावले पाहिजे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेला मंजुरी दिली. तिच्यात निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण व हमीदाराशिवाय कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील निवडक विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याज अनुदान मिळते. या योजनेची एक अप्रत्यक्ष उपयुक्तताही आहे. तिच्या यादीत राष्ट्रीय क्रमवारीत वर असलेल्या संस्था आहेत; सुरुवातीला त्या सुमारे ८६० होत्या. आपल्या पाल्याला प्रवेश देऊ करणारी खासगी संस्था त्या यादीत नसेल, तर ती वाईटच आहे असे नाही. पण ‘का नाही?’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क पालकांना नक्कीच मिळतो.

तरीही मूळ दोष कायम राहतो. आपल्याकडे हप्ता कर्जाच्या रकमेवर ठरतो, कर्जदाराच्या कमाईवर नव्हे. नोकरी लागो वा न लागो, पगार पंधरा हजार असो वा पन्नास, हप्ता तोच. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून शिक्षणशुल्काची परतफेड उत्पन्नाशी जोडली. ठरावीक उत्पन्नाच्या खाली काहीच भरावे लागत नाही. इंग्लंडमध्येही पदवीधर ठरावीक मर्यादेवरील उत्पन्नाच्या नऊ टक्के रक्कम भरतो, आणि ठरलेल्या वर्षांनंतर उरलेले कर्ज माफ होते. त्या व्यवस्थांतही दोष आहेत. तिथले पदवीधर दशकानुदशके कर्जात राहतात, ही तक्रार रास्त आहे. पण नोकरी नसलेल्या पदवीधराच्या दारात वसुलीची नोटीस तिथे येत नाही. पंधरा-सोळा लाख लोकसंख्येच्या, स्वतःचे बिनव्याजी कर्ज महामंडळ असलेल्या गोव्याला असा प्रयोग करणे मोठ्या राज्यांपेक्षा सोपे आहे. महामंडळाच्या कर्जाची परतफेड उत्पन्नाशी जोडली, तर व्याजमाफीपेक्षाही मोठा दिलासा मिळेल. कारण कर्जदाराला व्याजापेक्षा अनिश्चिततेची धास्ती अधिक असते.

त्याचबरोबर राज्याने आणखी एक काम करावे, ज्याला फारसा पैसा लागत नाही. राज्यातील प्रत्येक महाविद्यालयाच्या, तंत्रनिकेतनाच्या आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांचे दोन वर्षांनंतर काय झाले, ते कोणत्या कामात आहेत व मधला पगार किती, हे दरवर्षी प्रसिद्ध करावे; आणि ते मराठी-कोंकणीतही करावे. भाजीच्या दराचा फलक बाजारात लागतो. आयुष्यातील सर्वांत मोठ्या खरेदीपैकी एक असलेल्या शिक्षणाचा फलक कुठेच नसावा, हे नवल आहे.

सही करण्यापूर्वी

तोवर कुटुंबांनी आपला फलक आपणच लिहावा. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी घरातील सर्वांनी एका संध्याकाळी एकत्र बसून चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. पहिला, सवलतीचा काळ संपेल त्या दिवशी एकूण देणे किती असेल आणि हप्ता किती? दुसरा, याच संस्थेतून गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेल्या, आपल्या ओळखीच्या किंवा ओळखीतून भेटू शकणाऱ्या तीन विद्यार्थ्यांचा आजचा पगार किती? तिसरा, पहिली दोन वर्षे मनासारखी नोकरी मिळाली नाही, तर हप्ता कोणाच्या उत्पन्नातून जाईल? आणि चौथा, हा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला, त्या काळात काम केले किंवा स्वस्त मार्गाने सुरुवात केली, तर नेमके काय गमावले जाईल?

चारही उत्तरे समाधानकारक असतील, तर कर्ज निःशंकपणे काढावे. शिक्षणासाठी काढलेले कर्ज हे लग्नाच्या थाटासाठी किंवा गाडीसाठी काढलेल्या कर्जापेक्षा केव्हाही श्रेयस्कर आहे, आणि घरातील पहिली पदवी एका पिढीची दिशा बदलू शकते, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. उत्तरे अडखळत असतील, तर तो मुलाच्या बुद्धीचा किंवा पालकांच्या मायेचा पराभव मानू नये. गरिबीमुळे शिक्षण नाकारणे वेगळे, आणि महागडे, निरुपयोगी शिक्षण विचारपूर्वक नाकारणे वेगळे.

या चार प्रश्नांच्या वेळी मुलगा किंवा मुलगी त्या खोलीत असली पाहिजे, एवढी एक विनंती. आपल्याकडे प्रवेशाचा निर्णय बहुधा वडील, मामा आणि एखादा ओळखीचा शिक्षक मिळून घेतात. मुलाला फक्त कळवले जाते. पण पंधरा वर्षांनी, महिन्याच्या पाच तारखेला, हप्ता त्याच्या खात्यातून वजा होणार असतो. त्या दिवशीच्या माणसाच्या वतीने आज आपण सही करत आहोत. निदान त्याला विचारून तरी करावी.